आबांचे ऑटोमॅटिक घड्याळ

४ एप्रिल २००९, शनिवार. माण.

पहाटे घड्याळ पुन्हा बंद पडले. काटे चार वाजून पस्तीस मिनिटांवर. या महिन्यातली ही दुसरी वेळ, आणि महिन्याचे आज चारच दिवस झालेत.

म्हणून ही वही सुरू केली आहे. गॅरंटी चोवीस जुलैला संपते. आजपासून एकशे अकरा दिवस. तेवढ्यात घड्याळात दोष आहे हे कागदावर दाखवता आले, तर कंपनी फुकट दुरुस्त करेल किंवा बदलून देईल. नाहीतर पुढचा सगळा खर्च आपला. अशा घड्याळाची चार-पाच वर्षांनी एकदा पूर्ण सर्व्हिस करावी लागते आणि तिला बावीस हजार पडतात, हे मला घेताना कोणी सांगितले नव्हते. बावीस हजारात आमच्या वरच्या मजल्याला रंग होतो.

घड्याळ आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. निवडले मात्र मी. आमची जमीन आयटी पार्कच्या टप्प्यात गेली, पैसे आले, त्यात खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. आबा घरी बसले. बसल्यापासून दर अर्ध्या तासाला विचारायचे, "रवी, किती वाजलं?" शेतात होते तोवर त्यांना घड्याळ लागले नव्हते. बांधावरच्या आंब्याची सावली बघून सांगायचे. तो आंबा आता नाही, तिथे कंपन्यांच्या बस उभ्या राहतात. गावात बाकीच्यांनी मोठ्या गाड्या घेतल्या. मी म्हटले, आपण आबांना आयुष्यभर पुरेल असे घड्याळ घेऊ. त्याला डिझेल लागत नाही. एक लाख नव्वद हजार. स्वित्झर्लंडचे.

दुकानदाराने तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या मी तिथेच लिहून घेतल्या. बॅटरी नाही. चावी द्यायची नाही, हातात घातले की आपोआप चालते. काढून ठेवू नका, बंद पडेल.

आबा फक्त झोपताना काढतात. तरी बंद पडते.

वहीत रकाने आखले आहेत. दिनांक, रेडिओची वेळ, घड्याळाची वेळ, फरक, ऊन, इतर. मी दहावी नापास असलो तरी शुद्धलेखनात आणि रकाने आखण्यात शाळेत माझा हात कोणी धरत नव्हते. पुण्यातल्या माणसांसमोर जे काही न्यायचे ते नीट असले पाहिजे.

७ एप्रिल, मंगळवार

रेडिओ सकाळी ७.००. घड्याळ ६.४८. फरक बारा मिनिटे मागे. ऊन कडक. इतर: आबा दिवसभर ओट्यावर.

८ एप्रिल, बुधवार

बंद. ३.२० वर. ऊन कडक. इतर: आबा ओट्यावर.

११ एप्रिल, शनिवार

घड्याळाबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत आहे. वर सात नंबरच्या खोलीत कौस्तुभ राहतो, अमरावतीचा, हिंजवडीत कंपनीत आहे. घेतले तेव्हा त्याच्याकडूनच वाचून घेतले होते. त्याने काळजीचे पान मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाला, "बाकी सगळं मार्केटिंग आहे रवीभाऊ, कंपनी किती जुनी वगैरे." त्या पानावरून मी नियम लिहून ओट्याच्या भिंतीवर लावले. ते आज पुन्हा सुवाच्य करून लावले. धक्का बसू देऊ नये. पाणी, साबण, चिखल टाळावा. लोहचुंबकाजवळ नेऊ नये. घाम आल्यास मऊ फडक्याने पुसावे.

आबा नियम पाळतात. त्यात त्यांचा दोष नाही. लाकडे फोडणे बंद केले, कारण धक्का. हातपंप बंद, कारण धक्का आणि पाणी दोन्ही. एकादशीच्या भजनात टाळ वाजवायचे, तेही थांबवले. आधी ते म्हणाले होते, "भजनापुरतं काढून ठिवतो की." मी सांगितले, काढले की बंद पडते. आता ते भजनाला जातात आणि मांडीवर हात ठेवून बसतात.

म्हैस विकली ती केवळ घड्याळासाठी नाही. चाऱ्याला जागा उरली नव्हती. पण घड्याळासाठीही.

आईचे म्हणणे वेगळेच. म्हणते, "काही मान्सांच्या अंगाला घड्याळ धरतच न्हाई. माझ्या मामाचं आसंच हुतं." मी म्हटले, आई, हे लाख नव्वद हजाराचे आहे. ती म्हणाली, "मग अंगाला काय पैशे कळत्यात व्हय?"

घराच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे, त्याचे भाडे येते. टॉवरमध्ये चुंबक असेल का, हे विचारले पाहिजे.

१५ एप्रिल, बुधवार

पुण्याला सर्व्हिस सेंटरला गेलो. आत एवढे गार होते की माझ्या वहीची पाने वाकडी झाल्यासारखी वाटली. काउंटरवर मोनिका नावाची बाई, छातीवर नाव लावलेले. मी वही पुढे केली. तिने पहिले पान पाहिले आणि म्हणाली, "हे तुम्ही रोज लिहिता?"

"हो."

"छान अक्षर आहे." मग वही परत दिली. वाचली नाही.

घड्याळ मुंबईला जाईल, तिथे तपासणी होईल, चार ते पाच आठवडे लागतील. मी म्हटले, गॅरंटी चोवीस जुलैपर्यंत आहे, तपासणीचे दिवस त्यात धरता की वेगळे? ती म्हणाली, "धरतात." म्हणजे त्यांच्याकडे पडून असलेले दिवसही माझेच जाणार. पावतीवर माझे आडनाव चुकीचे लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. मागे रांगेतला एक माणूस हसला. हसू दे. चुकीच्या नावाची पावती कोर्टात चालत नाही.

घरी आलो तर आबा मनगट चोळत बसले होते. घड्याळाच्या जागी कातडी पांढरी पडली आहे. म्हणाले, "किती दिस लागतील?" मी म्हटले, पाच आठवडे. ते पुन्हा मनगट चोळू लागले. त्यांना वाईट वाटले असणार.

२ मे, शनिवार

घड्याळ नाही, त्यामुळे लिहिण्यासारखे काही नाही. आबा पंधरा दिवस घोटावड्याला सुलक्षणाताईकडे आहेत. दाजींच्या भातखाचराचा बांध फुटला होता, तो घालतात म्हणे. ताई फोनवर म्हणाली, "आबांनी काल एकट्यानं आख्खा बांध रचला रं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या." मुंबईहून काही कळवले का, असे तिनेच विचारले. अजून नाही.

१८ मे, सोमवार

घड्याळ आले. सोबत कागद. कौस्तुभने वाचून सांगितले: दोष आढळला नाही. यंत्रावर सात दिवस चालवून पाहिले, सातही दिवस बरोबर चालले. दिवसाला चार सेकंद पुढे, तेवढे चालते. खाली सल्ला दिला आहे की ग्राहकाची इच्छा असल्यास पूर्ण सर्व्हिस करता येईल, बावीस हजार.

दोष नाही तर सर्व्हिस कशाची, असे मी मोनिकाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या समाधानासाठी, सर." माझे समाधान बावीस हजाराचे आहे हे मला आजच कळले.

कौस्तुभ म्हणतो, "अरे, कारची सर्व्हिसिंग करतात ना, तसंच. ही वस्तू विकत घेऊन संपत नाही. पाळावी लागते." म्हशीसारखी, असे माझ्या मनात आले. पण म्हैस दूध द्यायची.

आबांना ताईकडून बोलावून घेतले. काळे झालेत. घड्याळ घालायला गेलो तर पट्टा बसेना, मनगट जाड झाले आहे. उन्हाने सूज आली असेल. हिंजवडीत नेऊन पट्ट्यात एक कडी वाढवून घेतली.

२४ मे, रविवार

पहिले तीन दिवस एकदम बरोबर. मला वाटले सुटलो. चौथ्या दिवशी सहा मिनिटे मागे, काल बंद. म्हणजे मुंबईत चालते आणि माणमध्ये चालत नाही.

टॉवरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "चुंबक वगैरे काही नसतं, भाऊ." पण ते तसेच म्हणणार. आबांची खाट गच्चीपासून लांब, खालच्या पडवीत हलवली. आबा म्हणाले, "हितनं रस्ता दिसत न्हाई." मी म्हटले, आठ दिवस कळ काढा, प्रयोग आहे.

२९ मे, शुक्रवार

प्रयोग फसला. बंद, २.५० वर. इतर: आबा पडवीत पडून.

दुपारी मी त्यांच्यासमोर उभा राहून घड्याळाकडे अर्धा तास बघत होतो. सेकंदकाटा चालला होता. बघत असताना ते कधीच थांबत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा त्रास आहे. आबाही माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "रवी, माझी नाडी बघतुयास का घड्याळाची?"

७ जून, रविवार

आज मी आबांवर ओरडलो.

बाजारातून आलो तर मागच्या अंगणात कुऱ्हाडीचा आवाज. आबा लाकडे फोडत होते, घड्याळ हातात. एक-दोन नाही, भिंतीला छातीपर्यंत रास लागली होती. आमच्याकडे गॅस आहे. ती लाकडे कोणाला हवी होती?

मी म्हटले, "आबा, भिंतीवर काय लिवलंय? एकेका घावाला आतली चाकं हलत्यात. गॅरंटीचा कागद दिला तर म्हणतील, तुमीच आदळलं."

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "बसून बसून हात मुंग्या आल्यावानी झालं हुतं."

"मग चोळा. फोडायला कशाला पायजे?"

"बरं, बसतो," म्हणाले आणि खरेच बसले, तिथेच, ओंडक्यावर. आई दारातून बघत होती. तिने मला जेवायला वाढले, पण पाणी दिले नाही. मला उठून घ्यावे लागले.

८ जून, सोमवार

आश्चर्य. कालच्या एवढ्या धक्क्यानंतर आज घड्याळ सेकंदाला बरोबर. मला हे समजत नाही. आकाश भरून आले आहे, हवा थंड झाली आहे. बहुतेक उष्णतेचाच दोष असावा. ‘ऊन’ या रकान्याखाली लाल रेघ मारली.

१२ जून, शुक्रवार

हवा थंडच आहे. घड्याळ बंद. लाल रेघ खोडली. पान घाण दिसते.

१९ जून, शुक्रवार

आबा दोन दिवस नीट जेवत नाहीत. पौडला डॉक्टरकडे नेले. त्यांनी तपासले, रक्तदाब थोडा जास्त, बाकी काही नाही. म्हणाले, "चालायला सांगा." आबांनी विचारले, "कुटं?" डॉक्टर हसले, त्यांना विनोद वाटला.

पट्टा पुन्हा सैल झाला आहे. सूज उतरली. वाढवलेली कडी काढून घेतली.

दाजींचा फोन आला. चिखलणी आणि लावणीला माणूस मिळत नाही, पोरे सगळी कंपनीत लागली. म्हणाले, "सासऱ्यांना धाड की पंधरा दिवस. बैल त्यांच्या हाताला येत्यात. माझ्या हाताला नुसतं बघत ऱ्हात्यात." मी म्हटले, दाजी, गॅरंटी संपायला महिना राहिलाय, चिखल गेला तर सगळेच बुडाले. ते म्हणाले, "कुणाची गॅरंटी?"

मी सांगितले, घड्याळाची. आणखी कशाची असणार?

३ जुलै, शुक्रवार

एकवीस दिवस उरले. आज मोठा धोका पत्करला. शनिवार पेठेत एका जिन्याखाली बंडोपंत म्हणून जुने घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे गेलो. बाहेर घड्याळ उघडले तर गॅरंटी रद्द होते हे मला माहीत होते. जिन्याजवळ दोनदा मागे फिरलो.

त्यांनी उघडलेच नाही. "गॅरंटी आहे ना? मग माझ्याकडे कशाला आलात?"

मी वही पुढे केली. त्यांनी मात्र वाचली. डोळ्याला भिंग लावून, एकेक पान, पहिल्यापासून. एवढ्या महिन्यांत ही वही वाचणारे ते पहिले. मग घड्याळ कानाशी धरून हळूच उलटसुलट केले आणि माझ्या कानाला लावले. आत काहीतरी घरंगळल्यासारखे वाजले.

"ऐकू आलं? आत अर्ध्या चंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं. ते फिरलं की स्प्रिंग भरते. बाहेरून चावी द्यायची नाही म्हणजे चावी लागत नाही असं नाही. हात हीच चावी. हे कोण घालतं?"

"वडील."

"आजारी असतात?"

"नाही."

"मग दिवसभर काय करतात?"

"काही नाही. बसतात."

"आणि आधी काय करायचे?"

"शेती."

बंडोपंतांनी भिंग काढले आणि घड्याळ माझ्या हातात परत दिले. "मग घड्याळ बरोबर चाललंय."

"बंद पडतंय म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतोय." त्यांनी वही मिटून त्यावर दोन बोटे ठेवली. "तुम्ही स्वतःच लिहिलंय. सगळं ‘इतर’मध्ये लिहिलंय."

मग त्यांनी दोन उपाय सांगितले. श्रीमंत लोक विजेवर फिरणारी डबी घेतात. घड्याळ आत ठेवले की ती त्याला गोल गोल फिरवत बसते. चौदा हजार. नाहीतर रोज सकाळी बाजूची गुंडी सैल करून तीस वेळा पुढे फिरवायची. आणि पाचेक वर्षांनी तेल वाळते, तेव्हा उघडून साफ करावेच लागेल, त्यातून सुटका नाही. पैसे घेतले नाहीत. "ऐकण्याचे घेत नाही मी," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला इतका राग आला की उतरायचे ठिकाण चुकलो. दुकानदाराने सांगितले नाही. कंपनीने सांगितले नाही. कौस्तुभला पुस्तक पुन्हा वाचायला लावले, सहाव्या पानावर हे सगळे चित्रासकट होते. तो म्हणाला, "सॉरी यार, तेव्हा मला वाटलं मार्केटिंग आहे."

५ जुलै, रविवार

सकाळी सात वाजता तीस फेऱ्या. मोजून. फरक शून्य.

६ जुलै, सोमवार

तीस फेऱ्या. फरक दोन सेकंद पुढे. जिंकलो असे लिहायला हरकत नाही.

९ जुलै, गुरुवार

घड्याळ रोज बरोबर आहे. मला बरे वाटायला हवे होते.

आज आबांनी सात वेळा वेळ विचारली. शेवटी मी म्हटले, "आबा, घड्याळ तुमच्याच हातात हाय. आता बरुबर हाय ते."

"व्हय रं. हाय की."

"मग बघा त्यात."

"बघितलं."

"मग इचारता कशाला?"

त्यांनी जरा विचार केला. "बघितलं तरी काय करायचं, ते कुटं लिवल्यालं असतंय त्यात?"

सकाळी मी गुंडी फिरवतो तेव्हा ते शेजारी बसून बघतात. लहान मुलाचे केस कापताना ते जसे बसते तसे. आज तिसावी फेरी झाल्यावर हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी तू देणार, वेळ तू लावणार, वहीत तू लिवणार. मला नुसतं खुंटी केलंस व्हय?" चेष्टेत म्हणाले. मी हसलो नाही. त्या डबीचे चौदा हजार मनात होते, ते आता नको वाटते. का ते सांगता येत नाही.

१४ जुलै, मंगळवार

ताई आली. सरळ ओट्यावर जाऊन आबांसमोर उभी राहिली. "आबा, रोपं तयार हायेत, पाऊस चांगला हाय, मानूस न्हाई. चला."

आबा माझ्याकडे वळले. "रवी, जाऊ का?"

बासष्ट वर्षांच्या माणसाने मला विचारले. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघत होतो, दहा दिवस राहिलेत एवढेच डोक्यात होते. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "त्येला काय इचारताय? घड्याळाला इचारा."

ताई हसू दाबत होती. मला मान वर करता येईना. मी म्हटले, "जावा. घड्याळ हितंच ठिवा, मी फिरवत जाईन."

"न्हाई," आबा म्हणाले. "दिलंयस तर माझ्याबरुबर ऱ्हाऊ दे. बंद न्हाई पडू द्यायचो म्या. काय काय करायचं ते सांग."

मी सांगितले. एक, ते हलते राहिले पाहिजे. दोन, चिखल लागता कामा नये. तीन, धक्का नको. त्यांनी तिन्ही गोष्टी बोटांवर मोजून परत म्हणून दाखवल्या आणि पिशवी उचलली. जेवायला थांबले नाहीत.

खाचरात घड्याळ हलतेही राहायचे आणि चिखल-धक्काही नको, हे एकत्र कसे जमणार, हे मला बस गेल्यावर सुचले.

१९ जुलै, रविवार

राहवले नाही. घोटावड्याला गेलो. वही पिशवीत, प्लास्टिकमध्ये.

दाजींचे खाचर ओढ्याच्या अंगाला आहे. लांबूनच आबांचा आवाज ऐकू आला, बैलांना हाकत होते. हा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता ते लगेच मोजता आले नाही. गुडघ्याच्या वर चिखल, डोक्यावर इरले, दोन्ही हातात कासरा. मनगट मोकळे होते.

मी बांधावरूनच ओरडलो, "आबा, घड्याळ कुटंय?"

"चालू हाय, चालू हाय," ते मागे न बघता म्हणाले. "हौश्याकडं हाय."

हौश्या म्हणजे डावीकडचा बैल. त्याच्या गळ्यातल्या घुंगरांच्या पट्ट्याला, दोन घुंगरांच्या मध्ये, स्वित्झर्लंडचे घड्याळ अडकवलेले होते. बैल मान हलवत होता आणि ते चमकत होते.

आबांनी बैल थांबवले. मी चिडलोय हे त्यांना दिसत होते, पण त्यांचा चेहरा अपराधी नव्हता, गृहपाठ नीट केलेल्या मुलासारखा होता. "तूच म्हणलास, हललं पायजे. माझ्या हातात बांधलं तर चिखल. घरी ठिवलं तर बंद. हौश्याची मान उंचावर हाय, चिखल तितवर जात न्हाई. आन् मान तर त्यो दिसभर हालवतोय. धक्का पन न्हाई, लई गरीब जनावर हाय."

दाजी पलीकडच्या वाफ्यात रोपे लावत होते. म्हणाले, "रवी, घड्याळ बांधल्यापासनं बैलाला वेळ कळाया लागलीय. साडेबारा झालं की पाऊलच उचलत न्हाई."

ताई, लावणीच्या बाया, सगळे हसायला लागले. मी बैलाजवळ गेलो. काच पुसली. काचेच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात वाफेचा ठिपका धरला होता, मुगाच्या दाण्याएवढा. म्हणजे पाणी शिरले आहे. हा खरा दोष, आणि गॅरंटीला पाच दिवस.

आबा म्हणाले, "किती वाजलं सांगू? चौथा वाफा झाला, म्हंजी अकरा."

आकाश काळेभोर होते. सावली कुठे नव्हती. मी घड्याळात बघितले. अकरा वाजून चार मिनिटे.

"बरुबर?"

"बरुबर हाय," मी म्हटले.

"मग आता आलायस तर उतर की खाली. काठावर उभा ऱ्हाऊन किती वाजलं बघत बसलायस."

मी म्हटले, कपडे चांगले आहेत. ताईने दाजींची जुनी अर्धी चड्डी फेकली, ती माझ्या तोंडावर बसली.

२४ जुलै, शुक्रवार. घोटावडे.

आज गॅरंटी संपली. पुण्याचे सेंटर सहाला बंद होते. दुपारी दोनची बस धरली असती तर वाफेचा ठिपका दाखवून नोंद तरी करता आली असती. सकाळी तसे ठरवलेही होते आणि पावती खिशात घातली होती. पण दोन वाजता ओढ्याकडचा शेवटचा वाफा अर्धाच लावून झाला होता आणि बायांपैकी दोघी आल्या नव्हत्या. मी निघालो असतो तर रोपे उद्यावर गेली असती. आबांनी मला थांब म्हटले नाही. जा असेही म्हटले नाही. पावती चड्डीच्या खिशात भिजून गोळा झाली.

बंडोपंतांकडे भाऊबिजेनंतर नेईन. काच उघडून वाळवावी लागेल, रबरी कडी बदलावी लागेल, जमलेच तर पूर्ण सर्व्हिस. काय घेतील ते घेतील. पुन्हा चार-पाच वर्षांनी तेच करावे लागणार, त्याचीही नोंद मागच्या पानावर केली आहे.

रेडिओ संध्याकाळी ७.००. घड्याळ ७.०० आणि तीन सेकंद. ऊन नाही. इतर: घड्याळ दिवसभर हौश्याच्या गळ्यात. आबा खाचरात. मीही.

आबांनी आज वेळ विचारली नाही. जेवून लगेच झोपले. घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतो आहे.

रोपे दाबून बोटे वळत नाहीत, त्यामुळे आज अक्षर नीट आलेले नाही.